मक्याच्या पानावरचा करपा, चिवट वाणाची पैदास आणि आपला ऊस

(शेतकी विभाग : अभ्यास-लेख)



उसाच्या कारखान्याच्या अंकात मक्याचा धडा कशासाठी, असे काही मंडळी विचारतील. विचारणे रास्तच आहे. पण तीन कारणांनी हा विषय आम्ही या वेळी घेतला आहे. एक तर खोडवा मोडल्यावर फेरपालटीला किंवा जनावरांच्या वैरणीला आपल्यापैकी पुष्कळजण मका करतात, आणि अलीकडे इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढल्याने दाण्याच्या मक्याखालचे क्षेत्रही वाढते आहे. दुसरे असे की, मक्याच्या पानावर करपा आणणारी बुरशी आणि उसाच्या पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पाडणारी बुरशी या एकाच घरातल्या, चुलत भावंडे म्हणा. आणि तिसरे कारण खरे. गटवार सभांत आम्हाला हमखास एक प्रश्न येतो : "साहेब, शहाऐंशी-झिरो-बत्तीस झकास चाललाय. टनेजही देतो, उताराही देतो. मग दुसऱ्या बेण्याचा तगादा तुम्ही का लावता?" या प्रश्नाचे जितके चांगले उत्तर मक्याच्या इतिहासात लिहिलेले आहे, तितके आम्हाला दुसरीकडे कोठे सापडलेले नाही.

तेव्हा आधी मका समजून घेऊ, मग उसाकडे येऊ.

रोग कसा ओळखावा

मक्याच्या पानावर करपा मुख्यतः दोन प्रकारचा. पहिला टर्सिकम करपा. याचे डाग लांबट, होडीच्या किंवा विडीच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते असतात. सुरुवातीला पाण्यात भिजल्यासारखे राखी-हिरवट दिसतात, पुढे वाळक्या गवताच्या रंगाचे होतात. एकेक डाग बोटभर ते वीतभरही लांब होतो. थंड आणि ओलसर हवा, म्हणजे साधारण १८ ते २७ अंश उष्णता आणि रात्रीचे भरपूर दव, ही याला मानवते. दुसरा मेडिस करपा. याचे डाग आखूड, इंचभराचे, पानाच्या शिरांच्या मध्ये अडकल्यासारखे दोन्ही बाजूंनी सरळ कडेचे. याला थोडी अधिक उष्ण हवा लागते. आपल्या देशात पहिल्याचा जोर कर्नाटकात व हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरी भागात जास्त, तर दुसऱ्याचा उत्तरेच्या मैदानी भागात.

दोन्हींची राहणी सारखीच. मागच्या मक्याचे ताट आणि पाला रानात तसाच पडला की बुरशी त्यात दबा धरून बसते. पुढच्या हंगामात ओल मिळाली की तिचे बीजाणू तयार होतात, वाऱ्याने व पावसाच्या शिंतोड्यांनी खालच्या पानांवर येऊन पडतात. पानावर रात्रभर पाण्याचा पातळ थर राहिला की बीजाणू रुजतो, आठ-दहा दिवसांत डाग दिसतो आणि त्या डागावर पुन्हा हजारो नवे बीजाणू. असे एका हंगामात अनेक फेरे होतात. म्हणूनच खालच्या पानावरचे दोन डाग पाहून "एवढ्याशाने काय होतंय" म्हणणे बरे नव्हे.

नुकसान किती होईल हे डाग किती यावर जेवढे अवलंबून, त्याहून अधिक ते कधी आणि कोठे आले यावर अवलंबून असते. कणसात दाणा भरण्याचे काम मुख्यतः कणसाजवळचे पान आणि त्याच्या वरची पाने करतात. कणसाला केस फुटण्याच्या सुमारासच करपा त्या पानांवर चढला तर उत्पादन निम्म्यावर येऊ शकते. तोच करपा दाणा भरल्यावर आला तर खळ्यावर फारसा फरक जाणवत नाही. पण वैरणीच्या मक्याची गोष्ट वेगळी. तिथे पान हेच पीक, त्यामुळे केव्हाही आला तरी तोटाच.

मक्याचे वाण कसे तयार होते

मक्याचा तुरा शेंड्याला, तो नर. कणीस मध्यावर, ती मादी. कणसातून लोंबणारा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याची वाट, त्यावर परागकण पडला तरच तो दाणा भरतो. वारा सुटला की एका ताटाचा पराग शेजारच्या दहा ताटांवर जातो. त्यामुळे जुन्या देशी मक्याचे रान म्हणजे जत्रेची गर्दीच, कोणी उंच, कोणी बुटके, कोणी रोगट, कोणी ठणठणीत. एका कणसातले दाणेसुद्धा एका आईचे पण अनेक बापांचे.

यातून खात्रीचे वाण काढण्यासाठी शास्त्रज्ञ एक युक्ती करतात. कणसाला केस फुटण्यापूर्वीच त्यावर कागदी पिशवी चढवायची, तुऱ्यालाही पिशवी बांधायची आणि त्याच ताटाचा पराग त्याच ताटाच्या कणसाला घालायचा. असे सहा-सात पिढ्या केले की झाडे खुरटतात, कणीस लहान पडते, पण त्या ओळीतले प्रत्येक झाड दुसऱ्यासारखे हुबेहूब होते. यांना इनब्रेड ओळी म्हणतात. अशा दोन वेगवेगळ्या घराण्यांच्या ओळींचा संकर केला की पहिल्या पिढीत एकदम जोम उसळतो. अमेरिकेत जॉर्ज शल यांनी १९०८ साली हे मांडले. डोनाल्ड जोन्स यांनी पुढे दहा वर्षांत चार ओळींचा दुहेरी संकर करून बियाणे शेतकऱ्याला परवडेल असे केले. आपल्याकडे १९५७ साली मक्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला (देशातल्या समन्वित पीक प्रकल्पांपैकी हा पहिला) आणि १९६१ साली गंगा, रणजित, डेक्कन अशी पहिली संकरित वाणे बाहेर पडली. जुन्या मंडळींना गंगा मक्याची पिशवी आठवत असेल. याच प्रकल्पाचे एक केंद्र कोल्हापूरला आहे, आणि वैरणीसाठी आपण जो आफ्रिकन टॉल पेरतो तो राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा.

जोम पहिल्या पिढीपुरताच, हेही लक्षात ठेवावे. संकरित मक्याचे कणीस राखून पुढच्या वर्षी पेरले की पुन्हा जत्रा. उत्पादन तर घटतेच, पण ज्या रोगप्रतिकारशक्तीसाठी पैसे मोजले तीही काही झाडांत उरते, काहींत नाही.

रोग मुद्दाम लावावा लागतो

चिवट वाण निवडायचे तर रोग हवा. आणि रोग दरवर्षी हवा तेव्हा येत नाही. म्हणून संशोधन केंद्रावर तो मुद्दाम लावतात. ज्वारीचे दाणे भिजवून, वाफेने निर्जंतुक करून त्यावर करप्याची बुरशी वाढवतात. दोन-तीन आठवड्यांत दाणे बुरशीने काळवंडले की वाळवून भरडतात. मका साधारण महिन्याचा झाला की संध्याकाळच्या वेळी या भरडीची चिमूट प्रत्येक झाडाच्या पोंग्यात टाकायची, वरून पाणी शिंपडायचे. आठवड्याने पुन्हा तेच. शिवाय ठरावीक ओळींनंतर करप्याला हमखास बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ लावतात, म्हणजे तिच्यावरून रोग सगळीकडे पसरतो. ती ओळ जळाली नाही तर त्या वर्षीची चाचणीच रद्द समजायची. मग तुरा पडल्यावर दर ओळीला गुण द्यायचे. कमी गुण म्हणजे निरोगी, ९ म्हणजे सगळी पाने करपलेली. टर्सिकमसाठी मंड्या, धारवाड, अल्मोडा, बजौरा आणि मेडिससाठी लुधियाना, दिल्ली अशा, जिथे रोग जात्याच भरपूर, त्या ठिकाणी एकच ओळ तपासली जाते.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण आहे. आम्हाला पुष्कळदा ऐकू येते, "अमुक वाणाला आमच्यात रोगच नाही." बरोबर आहे. पण तुमच्या रानात रोग आलाच नाही आणि आलेल्या रोगाला वाण पुरून उरले, या दोन वेगळ्या गोष्टी. पाऊस न झालेल्या गावात फुटक्या कौलाचे घरही गळत नाही. शेजारच्या रानात करपा धुमसत असताना तुमचा प्लॉट हिरवा राहिला, तर मात्र ते वाण जरूर लक्षात ठेवा, आणि आम्हालाही कळवा.

एक कुलूप की चार अडसर

रोगप्रतिकार दोन तऱ्हेचा असतो आणि यातला फरक समजला की बाकीचे सगळे उलगडते.

इलिनॉय विद्यापीठातील आर्थर हूकर यांना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टर्सिकम करप्याविरुद्ध एक एकटे जनुक सापडले. कोठे सापडले म्हणाल तर जीई-४४० नावाच्या ओळीत आणि लेडीफिंगर नावाच्या लाह्यांच्या मक्यात! लाह्यांचा मका, ज्याचे एकरी उत्पादन मोजायच्या लायकीचे नाही. पण त्याच्या पानावर करप्याचा डाग पडला तरी तो पिवळा, बारीक राहतो आणि त्यावर नवे बीजाणू फारसे धरत नाहीत. या जनुकाला एचटी-१ असे नाव पडले. पुढे आणखी सापडली. एचटी-२ ऑस्ट्रेलियाच्या एका ओळीत, एचटी-३ मक्याच्या ट्रिप्सॅकम नावाच्या रानटी नातेवाइकात, तर चौथे मेक्सिकोच्या एका देशी वाणात.

आता लाह्यांच्या मक्यातले हे एक जनुक दाण्याच्या उत्तम ओळीत आणायचे कसे? त्यासाठी उलट संकराची पद्धत. उत्तम ओळ आणि लाह्यांचा मका यांचा संकर केला की संततीत निम्मे रक्त लाह्यांचे. तिच्यावर रोग लावून चिवट झाडे निवडायची आणि त्यांचा पुन्हा उत्तम ओळीशी संकर. आता उत्तम ओळीचे रक्त पंचाहत्तर टक्के. पुन्हा रोग, पुन्हा निवड, पुन्हा संकर, की साडेसत्याऐंशी टक्के. पाच-सहा वेळा असे केले की अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव टक्के मूळची उत्तम ओळ आणि तिच्यात तेवढे एक उसने जनुक. दरवेळी रोग लावून पाहणे मात्र चुकवता येत नाही, नाहीतर रक्त सुधारत जाते आणि ज्यासाठी खटाटोप केला ते जनुकच मधल्यामध्ये गळून जाते. हल्ली पानाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून जनुक आहे की नाही ते रोपावस्थेतच कळते, त्यामुळे कष्ट कमी झाले. तरी शेवटची खात्री रोगट प्लॉटातच होते.

पद्धत सुरेख. अडचण एवढीच की एक जनुक म्हणजे दाराला एक कुलूप. बुरशीही जिवंत आहे, तिचीही पिढ्यान्‌पिढ्या पैदास चालू असते, आणि तिची एक पिढी आठ-दहा दिवसांची. कोट्यवधी बीजाणूंत एखाद्याला त्या कुलपाची किल्ली सापडली की सगळ्या रानाची दारे एकाच किल्लीने उघडतात. एचटी-१ चे तसेच झाले. १९७० च्या दशकात प्रथम हवाई बेटांत आणि पुढे अमेरिकेच्या मुख्य मका पट्ट्यात, या जनुकाला न जुमानणारी बुरशीची नवी जात आढळली.

दुसरी तऱ्हा अनेक जनुकांची. यातले एकही जनुक एकट्याने रोग थांबवत नाही. एकामुळे डाग उशिरा पडतो, दुसऱ्यामुळे लहान राहतो, तिसऱ्यामुळे त्यावर बीजाणू कमी धरतात. दाराला कडी आहे, मागे अडसर आहे, अंगणात कुत्रे आहे आणि आजी रात्री जागी असते. चोर येणारच नाही असे नाही, पण त्याला वेळ लागेल, आणि तोवर दाणा भरून होईल. असे वाण दिसायला पूर्ण निरोगी नसते, पानावर चार डाग असतातच. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर म्हणूनच ते छाप पाडत नाही. आम्हाला विचाराल तर आमचे मत या दुसऱ्या तऱ्हेच्या बाजूने आहे, आणि आज मक्याच्या पैदासकारांचा भरही मुख्यतः तिच्यावर आहे. एकटे जनुक वापरायचे ते या मजबूत पायावर वरचे कुलूप म्हणून.

१९७० साली अमेरिकेत काय घडले

आता मुख्य गोष्ट. ही जरा सावकाश वाचावी.

संकरित मक्याचे बियाणे करताना मादी ओळीचे तुरे परागकण सुटण्याआधी उपटावे लागतात, नाहीतर ती स्वतःच्याच परागाने भरते. हजारो एकरांवर हे काम हाताने करायचे. अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा-कॉलेजची मुले या कामाला जात. मजुरी मोठी, आणि पावसाने दोन दिवस काम अडले तर बियाणे बाद. यावर टेक्सास राज्यात तोडगा सापडला. तिथल्या एका मक्याच्या तुऱ्यात परागच तयार होत नव्हता, आणि हा गुण आईकडून सगळ्या संततीत उतरत होता. १९५२ साली याची माहिती प्रसिद्ध झाली. मादी ओळीत हा गुण भरला की तुरे उपटण्याची गरजच नाही. शेतकऱ्याच्या रानात पराग पुन्हा यावा म्हणून नर ओळीत तसे जनुक ठेवले की झाले. याला टेक्सास किंवा 'टी' पेशीद्रव म्हणतात. मजुरी वाचली, बियाणे स्वस्तात होऊ लागले आणि सगळ्या बियाणे कंपन्या त्याच्यामागे लागल्या.

१९७० साल उजाडेपर्यंत अमेरिकेतील सुमारे ८५ टक्के संकरित मक्याचे बियाणे या टी पेशीद्रवाचे होते. पिशव्यांवर नावे शंभर, कंपन्या वेगवेगळ्या, दाण्याचा रंग-रूप वेगळे. पण आईकडचे रक्त मागे नेत गेले तर एकाच झाडाशी पोचायचे.

त्या वर्षी मेडिस करप्याची एक नवी जात उठली. तिला पुढे 'टी' जात असेच नाव पडले. ही बुरशी एक विष तयार करते, आणि ते विष फक्त टी पेशीद्रवाच्याच मक्याला बाधते. पेशीत शक्ती तयार करणारे जे बारीक कण असतात, ते झाडाला आईकडूनच मिळतात. टी मक्याच्या त्या कणांत एक आगळे प्रथिन असते. विषाशी गाठ पडली की ते प्रथिन कणाच्या आवरणाला भोके पाडते आणि पेशी मरते. आश्चर्य पुढेच आहे : परागकण न होण्याचे कारणही तेच प्रथिन. ज्या गुणासाठी हे वाण घरोघर गेले, तोच गुण रोगाला दार उघडणारा ठरला. अर्थात हे सगळे १९८० च्या दशकात उलगडले. १९७० मध्ये शेतकऱ्याला दिसले ते एवढेच, की हिरवेगार रान दोन आठवड्यांत करपते आहे. आधीचा मेडिस करपा पानापुरता असे. हा कणसाच्या आवरणात, दाण्यात आणि ताटातही शिरला.

दक्षिणेला फ्लोरिडा आणि समुद्रकाठच्या राज्यांत सुरुवात झाली. हवा दमट, पाऊस वेळेवर, वारा दक्षिणेकडून उत्तरेला. बुरशीला आणखी काय हवे? हंगाम संपायच्या आत ती देशाच्या उत्तर टोकाकडे पोचली होती. देशाच्या एकूण मक्यापैकी सुमारे १५ टक्के पीक गेले, काही दक्षिणी राज्यांत निम्म्याहून अधिक. नुकसानीचा आकडा त्या काळच्या हिशेबाने शंभर कोटी डॉलरच्या घरात सांगितला जातो.

इशारा मिळाला नव्हता असे नाही. फिलिपाइन्समधील शास्त्रज्ञांनी १९६१ सालीच लिहून ठेवले होते की टी पेशीद्रवाचा मका मेडिस करप्याला जास्त बळी पडतो. पण ते तिकडच्या उष्ण हवेचे असेल, आपल्याकडे तसे होणार नाही, असे समजून पुढे चाललेले राहिले. उत्पादन चांगले येत होते ना!

मग इलाज काय केला? मजुरी वाचवणारे ते तंत्र सोडून पुन्हा साध्या पेशीद्रवाच्या ओळी आणि हाताने तुरे उपटणे. हिवाळ्यात हवाईसारख्या उष्ण प्रदेशांत एक जादा हंगाम घेऊन बियाणे वाढवले. १९७१ साली सर्वांना पुरेल एवढे नव्हते, म्हणून मिश्र बियाणेही विकावे लागले. पुढच्या वर्षापासून गाडी रुळावर आली. मक्याचे दाणे एका कणसात चार-पाचशे असतात आणि वर्षात दोन-तीन पिके घेता येतात, म्हणून इतक्या लवकर जमले. हा मुद्दा उसाकडे येताना हाताशी ठेवा.

आता उसाकडे

मक्याच्या सगळ्या रानांची आई एक होती, बाप तरी निरनिराळे होते. उसाचे तसेही नाही. आपण लावतो ती कांडी. कांडी म्हणजे त्याच उसाचा तुकडा. को ८६०३२ ची जी कांडी आडसालीला तुमच्या सरीत पडली आणि जी शेजारच्या जिल्ह्यात पडली, ती रोपे म्हणजे एकाच झाडाची फाटलेली अंगे. हजारो एकर ऊस दिसतो, पण पैदासशास्त्राच्या नजरेने ते एकच झाड आहे. त्याला बाधणारी एक बुरशी तयार झाली की प्रत्येक सरीत तिचे स्वागत सारखेच.

हे भय काल्पनिक नव्हे. दख्खनच्या कालव्याखाली १९५० च्या आसपास को ४७५ या वाणावर तांबेरा असा आला की ते वाण सोडून द्यावे लागले. को ७४० ने महाराष्ट्राच्या कारखानदारीला मोठे केले हे कोणीही मान्य करील, पण काणीने त्याला जेरीस आणले. चाबकासारखा काळा शेंडा निघालेली बेटे खणून काढण्यात ज्यांचे उन्हाळे गेले, त्यांना हे सांगायला नको. आणि ताजे उदाहरण उत्तर प्रदेशाचे. २००९ साली प्रसारित झालेल्या को ०२३८ ने तिथला उतारा आणि टनेज दोन्ही वाढवले. होता होता २०२०-२१ च्या सुमारास राज्यातील ८० टक्क्यांहून अधिक ऊस या एका वाणाचा झाला. लाल कुजीच्या बुरशीला किल्ली सापडली. नवी जात उठली आणि ज्या वाणाने घरे बांधली त्याची उभी शेते वाळली. मग वाण बदला, वाण बदला अशी धावपळ. पण बदलायचे म्हणजे बेणे कोठून आणायचे?

उसात इथेच अडते. मक्याच्या एका दाण्याचे एका हंगामात चार-पाचशे दाणे होतात. उसाच्या एका एकर बेणेमळ्यातून जेमतेम दहा एकर लागण होते. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन पायऱ्या चढून बेणे सभासदाच्या बांधावर यायला तीन वर्षे तरी जातात. आणि ते मूळ वाण तयार व्हायला त्याआधी बारा-चौदा वर्षे गेलेली असतात. कोईमतूरला देशभरच्या केंद्रांसाठी उसाच्या संकराची बाग आहे. तिथे तुरे जुळवून मिळालेले बारीक बी पाडेगाव, मांजरी अशा ठिकाणी रुजवतात. त्यातले प्रत्येक रोप वेगळे. हजारो रोपांतून दरवर्षी टाकत टाकत, काणी आणि लाल कूज मुद्दाम टोचून पाहात, शेवटी एखादे हाती लागते. मक्याच्या लाह्यांतून जनुक आणले तसे उसातही पहिल्यापासून रानटी नातेवाइकांचे रक्त घेतलेले आहे. १९१८ साली बाहेर पडलेला को २०५ हा जाड उसाचा आणि काशासारख्या रानऊसाचा संकर होता. चिवटपणा त्या रानातल्या बापाकडचा.

म्हणून आमचे सांगणे असे. को ८६०३२ चांगला आहे. आम्ही स्वतः त्याची शिफारस करतो व करीत राहू. पण एका सभासदाची चार एकर लागण असेल तर चारही एकर त्याचीच नको. एक एकर तरी शिफारशीतल्या दुसऱ्या वाणाची असू द्या. टनभर इकडेतिकडे होईल हे कबूल. कारखान्याच्या पातळीवर आम्हाला लागण-नोंदीत वाणांची विभागणी करताना अडचण येते ती तोडणीची. दोन वाण वेगवेगळ्या वेळी पक्व होतात, तोडणीचा कार्यक्रम गुंतागुंतीचा होतो, आणि सभासद म्हणतात, "माझा दुसरा प्लॉट मागे राहिला." ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर उपाय शेतकी विभागानेच काढायचा आहे. दुसऱ्या वाणाच्या प्लॉटांना पक्वतेनुसार स्वतंत्र क्रम देण्याचा आमचा प्रस्ताव आहे, तो सर्वसाधारण सभेपूर्वीच्या गटसभांत आपल्यापुढे येईल. त्यावर मोकळेपणाने बोलावे. नुसते "बरं बरं" म्हणून उठून जाऊ नये.

आणखी एक. गावात फिरणारे 'नवीन बेणे', ज्याला नाव नाही, नंबर नाही, कोणाच्या तरी पाहुण्याने टेम्पोतून आणलेले, ते घेऊ नका. वाणांची विविधता म्हणजे वाटेल ते लावणे नव्हे. काणी, गवताळ वाढ, पिवळ्या पानांचा रोग हे बेण्याबरोबरच प्रवास करतात.

मका करणाऱ्यांसाठी चार गोष्टी

बियाणे घेताना पिशवीवर उत्पादनाच्या आकड्याबरोबर करप्याबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे, न कळल्यास गटऑफिसला दाखवावे. सलग वर्षानुवर्षे त्याच रानात मका नको. काढणीनंतर ताटे वैरणीला उचलून राहिलेला पालापाचोळा खोल नांगरटीने गाडावा. डाग खालच्या पानावर दिसू लागले आणि हवा ढगाळ असेल तर मॅन्कोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात घेऊन फवारावे, गरज वाटल्यास पंधरा दिवसांनी पुन्हा. वैरणीच्या मक्यावर मात्र फवारणी टाळून लवकर कापणी केलेली बरी, फवारलेला पाला जनावराच्या पुढे जाता कामा नये.

मका असो वा ऊस, पानावर ओळखीचा नसलेला डाग दिसला तर पान आमच्याकडे आणा. आणताना प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये, त्यात पान घामाळून कुजते आणि मूळचा डाग ओळखू येत नाही. वर्तमानपत्राच्या घडीत सपाट ठेवावे. एक डाग नुकता पडलेला, एक जुना, अशी दोन-तीन पाने असावीत. कागदावर गट नंबर, वाणाचे नाव, लागणीची किंवा पेरणीची तारीख आणि डाग प्रथम कोणत्या बाजूला दिसले तेवढे लिहावे. सोमवार ते शनिवार सकाळी दहापर्यंत गटऑफिसला पोचलेली पाने त्याच दिवशी शेतकी विभागात तपासायला येतात.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग